मृगापूर्वीची नव्वद मिनिटे

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

प्रत : मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, चंद्रपूर आणि गडचिरोली.

विषय : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शासकीय औषध भांडारांमधील आपत्कालीन दिव्यांची पूर्ण कालावधीची चाचणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घेण्याबाबत.

महोदय,

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत रुग्णाचा संबंध येतो तो उपकेंद्राशी, प्राथमिक आरोग्य केंद्राशी, फार तर ग्रामीण रुग्णालयाशी. जिल्ह्याचे औषध भांडार त्याने कधी पाहिलेलेही नसते. तरीही हिवतापावरच्या गोळ्या, सर्पदंशावरचे प्रतिविष, सिकलसेलच्या रुग्णाला लागणारे हायड्रॉक्सियुरिया, सलाइनच्या बाटल्या आणि साध्या तापाच्या गोळ्या या साऱ्यांची वाट अशा भांडारांतूनच जाते, आणि म्हणून तिथे लागलेली आग ही एका इमारतीपुरती दुर्घटना न राहता नदीपलीकडच्या गावांतील उपचार थांबवणारी घटना ठरू शकते. अशा भांडारातील आपत्कालीन दिवे, म्हणजे नेहमीची वीज जाताच बॅटरीवर आपोआप लागून बाहेर पडण्याची वाट दाखवणारे दिवे, हा या पत्राचा विषय आहे. पत्राचे प्रतिपादन थोडक्यात असे की, या दिव्यांची वर्षातून एकदा करावयाची पूर्ण कालावधीची चाचणी या दोन जिल्ह्यांत मे महिन्याच्या उत्तरार्धात, फार तर ५ जूनपर्यंत, म्हणजे मृग नक्षत्र लागण्यापूर्वी व्हावी, आणि तिच्या निकालात ‘सुस्थितीत’ एवढा शेरा न लिहिता प्रत्येक दिवा प्रत्यक्ष किती मिनिटे जळला तो आकडा नोंदवला जावा.

आरोग्यसंस्थेतील आग हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, या दोन्ही जिल्ह्यांना लागून असलेल्या भंडारा जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून १० अर्भके दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागांना आगी लागल्या. या घटनांनंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची आणि विद्युत जोडण्यांची तपासणी करण्याचे आदेश निघाले, परंतु सार्वजनिक चर्चा स्वाभाविकपणेच रुग्ण असलेल्या खोल्यांभोवती फिरली आणि औषध असलेल्या खोल्या तिच्या कडेला राहिल्या. औषधांची गोदामे हा स्वतंत्र धोका आहे, हे केरळने मे २०२३ मध्ये अनुभवले. त्या महिन्यात तिथल्या राज्य वैद्यकीय सेवा महामंडळाच्या कोल्लम, तिरुवनंतपुरम आणि आलप्पुळा येथील भांडारांना अवघ्या दहा-अकरा दिवसांत, तिन्ही वेळा रात्री, आगी लागल्या. तिरुवनंतपुरमच्या आगीत अग्निशमन दलाच्या एका जवानाचा जीव गेला, आणि संशयाची सुई प्रामुख्याने साठवलेल्या ब्लीचिंग पावडरीकडे वळली. पावसाळ्याच्या तोंडावर साठा भरलेला असणे, उन्हाळ्याचा ताप आणि रात्रीची वेळ हे तीन घटक तिथे एकत्र आले होते, आणि हेच तीन घटक मे महिन्याच्या अखेरीस विदर्भाच्या पूर्व टोकालाही एकत्र येतात.

आपत्कालीन प्रकाशयोजना म्हणजे नेमके काय, याचा उलगडा आधी करणे आवश्यक आहे, कारण व्यवहारात ती जनरेटर किंवा इन्व्हर्टर यांच्याशी सर्रास मिसळली जाते. जनरेटर हा काम चालू ठेवण्यासाठी असतो. लसींचे शीतकपाट, संगणक, पंखे आणि नेहमीचे दिवे त्याच्यावर चालतात, आणि तो सुरू होऊन भार घेईपर्यंत काही वेळ जातो. आपत्कालीन दिवा मात्र काम थांबवून माणसे सुखरूप बाहेर पडावीत यासाठी असतो, म्हणून त्याचा वीजस्रोत नेहमीच्या पुरवठ्यापासून स्वतंत्र असावा लागतो आणि तो सेकंदांच्या हिशेबाने लागावा लागतो. या दिव्यांचे काम तीन प्रकारचे असते : पहिले, दोन रॅकमधल्या गल्लीपासून दारापर्यंतची वाट उजळणे, दुसरे, मोकळ्या जागेत, म्हणजे माल उतरवण्याच्या किंवा खोकी उघडण्याच्या जागी, माणसे गोंधळून एकमेकांवर आदळू नयेत इतका उजेड देणे, आणि तिसरे, जिथे काम अर्धवट सोडणे धोक्याचे असते, उदाहरणार्थ शिडीवरून खोकी काढणे किंवा स्पिरिटचा कॅन ओतणे, तिथे ते काम नीट आवरता येईल एवढा वेळ प्रकाश टिकवणे. बांधणीच्या दृष्टीने काही दिव्यांच्या पोटातच बॅटरी असते, तर काही ठिकाणी एका खोलीतील मोठ्या बॅटरीसंचावर सर्व दिवे चालतात. तसेच काही दिवे नेहमी जळत असतात आणि वीज गेल्यावर बॅटरीवर जातात, तर काही फक्त वीज गेल्यावरच लागतात. दुसऱ्या प्रकारचा दिवा बिघडला तरी एरवी ते कोणाच्या लक्षात येत नाही, आणि चाचणीची गरज मुळात इथेच उत्पन्न होते.

किती प्रकाश आणि किती वेळ, याची मापे नवी नाहीत. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेचा अग्नी व जीवसुरक्षेवरील चौथा भाग बाहेर पडण्याच्या वाटेच्या मध्यरेषेवर, जमिनीच्या पातळीला, किमान १० लक्स प्रकाश मागतो. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष पोहोचलेल्या प्रकाशाचे माप होय. इमारत कितीही लहान असली तरी ही व्यवस्था सलग किमान दीड तास चालावी, असेही ती संहिता सांगते, आणि दिवे कुठे असावेत याची यादीही देते : प्रत्येक बाहेरच्या दाराशी, गल्ली जिथे वळते किंवा दुसरीला मिळते तिथे, जिन्यापाशी, जमिनीची पातळी बदलते तिथे, आगीची सूचना देणाऱ्या बटणापाशी, अग्निशामक साधनांजवळ आणि शेवटच्या दाराच्या बाहेरही. शेवटची जागा बहुधा विसरली जाते, वास्तविक धुरातून बाहेर आलेला माणूस अंधाऱ्या पायरीवरून पडू नये यासाठी तिची गरज असते. युरोपातील मानकात मध्यरेषेवरची किमान मात्रा १ लक्स इतकी कमी आहे, म्हणजे भारतीय संहितेची अपेक्षा त्याहून चढी आहे. अमेरिकेची जीवसुरक्षा संहिताही ९० मिनिटांचाच कालावधी धरते आणि त्यासाठी दरमहा किमान ३० सेकंदांची व वर्षातून एकदा पूर्ण ९० मिनिटांची चाचणी सक्तीची करते. नियमांची उणीव नाही. हे माप दर वर्षी, प्रत्येक दिव्याला, योग्य वेळी लावले जाते का, हा खरा प्रश्न आहे.

इथे या दोन जिल्ह्यांचे हवामान आणि भूगोल विचारात घ्यावे लागतात. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही देशातील सर्वाधिक तापणाऱ्या ठिकाणांपैकी गणली जातात. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे इथे नित्याचे आहे. आपत्कालीन दिव्यांत शिसे-आम्लाची बंदिस्त बॅटरी, निकेल-कॅडमियमची बॅटरी किंवा अलीकडे लिथियमची बॅटरी वापरतात, आणि या बॅटऱ्यांचे आयुष्य उत्पादक साधारण २० ते २५ अंश तापमान गृहीत धरून सांगतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीबाबत अभियंत्यांचा प्रचलित ठोकताळा असा की, सततच्या तापमानात दर १० अंशांची वाढ झाली की आयुष्य सुमारे निम्मे होते, कारण उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वेगाने घडतात, पाण्याचा अंश उडतो आणि धातूच्या पट्ट्या लवकर झिजतात. पत्र्याच्या छताखाली, उष्ण हवा साचते त्या उंचीवर बसवलेला दिवा बाहेरच्या तापमानाहूनही अधिक ताप सोसतो, म्हणून वेष्टनावर चार वर्षे लिहिलेली बॅटरी इथे दोन उन्हाळ्यांतच निकामी होण्याच्या बेताला येऊ शकते. जानेवारीच्या सुखद हवेत चाचणी उत्तीर्ण झालेला दिवा जूनमध्येही तसाच असेल, असे मानायला त्यामुळे आधार उरत नाही.

दुसरा घटक खंडित वीजपुरवठ्याचा आहे. चंद्रपूरजवळच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट असून ते राज्यातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे, परंतु वीज जवळ तयार होणे आणि ती जंगलातून जाणाऱ्या वाहिन्यांवरून शेवटच्या तालुक्यापर्यंत अखंड पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल-मेमधील वादळी पावसात झाडांच्या फांद्या तारांवर पडून पुरवठा तासन्‌तास बंद राहणे वनतालुक्यांत सवयीचे झाले आहे. प्रत्येक वेळी वीज गेली की आपत्कालीन दिवा बॅटरीवर जळतो आणि ती रिकामी करतो. पूर्ण रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला अनेक प्रकारच्या दिव्यांत २४ तासांपर्यंत वेळ लागतो. दुपारी दोन तास वीज गेली, संध्याकाळी आली आणि त्याच रात्री शॉर्टसर्किट होऊन आग लागली, तर नियमाप्रमाणे बसवलेला, बिघाड नसलेला दिवाही काही मिनिटांतच मालवू शकतो. याहून गंभीर बाब अशी की, वीज गेल्यावर या दिव्यांच्या उजेडात माल मोजण्याचे आणि गाडी भरण्याचे काम पुढे चालू ठेवण्याचा मोह कोणत्याही गोदामात होतो, आणि मग बाहेर पडण्यासाठी राखलेला प्रकाश कामावरच खर्च होतो.

तिसरा घटक साठ्याच्या ऋतुचक्राचा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा असून त्याचा तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग वनांचा आहे. गडचिरोली शहरापासून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटरवर आहे, आणि पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो, हे जिल्ह्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे भामरागड, एटापल्ली, सिरोंचा यांसारख्या तालुक्यांतील दुर्गम केंद्रांना पावसाळ्यात पुरेल असा औषधसाठा आधीच पोहोचवावा लागतो, आणि तो पोहोचवण्यापूर्वी तो भांडारात जमा व्हावा लागतो. परिणामी मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भांडार वर्षातील सर्वाधिक भरलेले असते : रॅक भरून उरलेली खोकी गल्ल्यांत रचली जातात, थप्प्या छताकडे वाढतात, बाहेर पडण्याची हिरवी पाटी एखाद्या थप्पीआड जाते, गाड्या उशिरापर्यंत भरल्या जातात, आणि रोजच्या माणसांबरोबर इमारतीशी अपरिचित असलेले हमाल व चालकही आत असतात. उन्हाळ्याने थकलेली बॅटरी, वादळाने खंडित झालेली वीज आणि गच्च भरलेले भांडार या तिन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात येतात, आणि मे महिन्याच्या उत्तरार्धाचा आग्रह याच योगातून निघतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘प्रपत्र ब’ मधील प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत सादर करावयाचे असते. कायद्याने सबंध राज्यासाठी एकच वेळापत्रक ठेवणे समजण्याजोगे आहे. परंतु या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने पाहिले तर जानेवारीची तपासणी उन्हाळ्याच्या फार आधी पडते आणि जुलैची तपासणी होईपर्यंत पावसाळी साठा नद्या ओलांडून गेलेला असतो, म्हणजे सर्वाधिक जोखमीचा काळ नेमका दोन प्रमाणपत्रांच्या मधोमध सापडतो. या पत्रात प्रमाणपत्राचे महिने बदलण्याची मागणी नाही. कायद्याने सांगितलेले किमान पाळून त्यावर स्थानिक गरजेची एक चाचणी वाढवणे विभागाच्या स्वतःच्या अधिकारात आहे, आणि त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही.

चाचणी कशी घ्यावी, यातही बारकावे आहेत. दिव्यावरचे छोटे बटण दाबून तो लागतो हे पाहणे ही चाचणीची पहिली पायरी झाली, परंतु तेवढ्याने दिव्याची जोडणी योग्य परिपथावर आहे की नाही हे कळत नाही. आपत्कालीन दिवा ज्या भागासाठी आहे त्या भागातील नेहमीच्या दिव्यांच्याच परिपथावर त्याची नजर असायला हवी. तो दुसऱ्याच वाहिनीवर जोडलेला असेल, तर फक्त त्या गल्लीचा एमसीबी, म्हणजे परिपथ आपोआप तोडणारा खटका, पडून तिथे अंधार झाला तरी दिव्याला वीज मिळतच राहते आणि तो लागत नाही. म्हणून दरमहा चाचणी करताना वितरण फलकावर जाऊन त्या त्या भागाच्या दिव्यांचा एमसीबी बंद करावा, प्रत्येक दिवा लागतो का ते चालत जाऊन पाहावे, चार्जिंगचा निर्देशक दिवा तपासावा, आणि काचेवरची धूळ व आत शिरलेले किडे साफ करावेत. कोळशाच्या आणि रस्त्याच्या धुळीने चंद्रपुरात काच लवकर मंदावते आणि पावसाळ्याच्या तोंडावर किड्यांनी आतली जागा भरते. वार्षिक चाचणीत मात्र दिवे पूर्ण दीड तास बॅटरीवर ठेवून, सुरुवातीला आणि शेवटी, रॅकमधल्या गल्लीत जमिनीवर लक्समापक ठेवून प्रकाश मोजावा लागतो, कारण बॅटरीचा दाब उतरत जातो तसा काही दिव्यांचा प्रकाशही उतरत जातो, आणि नव्वदाव्या मिनिटाला दिवा जळतो आहे एवढे दिसणे म्हणजे वाट दिसणे नव्हे. मापन रॅक भरलेले असतानाच व्हावे, कारण इमारत रिकामी असताना ठरवलेल्या दिव्यांच्या जागा पुढे उभ्या राहिलेल्या थप्प्यांच्या सावलीत जाण्याचा संभव असतो.

पूर्व विदर्भातील सोयाबीन उत्पादक शेतकरी पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणक्षमता घरीच तपासून घेतो, कारण पिशवीवरचा छापील टक्का आणि शेतात उगवणारा टक्का यांत फरक असू शकतो आणि पेरून झाल्यावर तो कळून उपयोग नसतो. बॅटरीच्या वेष्टनावरील मिनिटांकडे पाहण्याची दृष्टीही अशीच असायला हवी. पूर्ण चाचणीला एक स्वाभाविक मर्यादा आहे : चाचणी संपताच बॅटऱ्या रिकाम्या होतात आणि पुढील काही तास, क्वचित पूर्ण दिवस, इमारत संरक्षणाविना राहते. म्हणून ती सुट्टीच्या दिवशी सकाळी, दिवसाचा उजेड हाताशी असताना घ्यावी. एका दिवशी एकाआड एक असे निम्मेच दिवे तपासावेत आणि उरलेले पुढच्या आठवड्यात. आणि बॅटऱ्या भरेपर्यंत रात्रीच्या पहारेकऱ्याकडे तपासलेल्या विजेऱ्या ठेवून माल भरण्याचे काम बंद राखावे.

दिव्याइतकाच दाराचा विचार केला नाही, तर हे सारे प्रयत्न वाया जातात. औषध भांडाराला चोरीची भीती असते, आणि ती अवाजवी नाही. गुंगीच्या औषधांचे कपाट कुलूपबंद ठेवणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे. परंतु या भीतीतून मागचे दार साखळीने बांधणे, खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या लावणे आणि एकच शटर वापरात ठेवणे ही पद्धत रूढ झाली, तर आपत्कालीन दिवा माणसाला बंद दाराकडे नेतो. आतून दाबताच उघडणारी आणि बाहेरून कुलूपबंद राहणारी दांडी असलेली दारे बाजारात सहज मिळतात, आणि सुरक्षा व सुटका या दोन्ही गरजा त्यांनी एकाच वेळी भागतात. म्हणून दिव्यांच्या प्रत्येक चाचणीत शेवटची कृती दार आतून उघडून बाहेर पाऊल टाकण्याची असावी, आणि ती नोंदवहीत दिव्याच्या ओळीखालीच लिहिली जावी.

भांडारातील काही कोपरे वेगळी काळजी मागतात. स्पिरिट, अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर किंवा तत्सम ज्वालाग्राही द्रव जिथे साठवले जातात, तिथे साधा दिवा स्वतःच ठिणगीचे कारण ठरू शकतो, म्हणून तिथे ज्वालारोधक बांधणीचाच दिवा बसवावा लागतो. ब्लीचिंग पावडर ही तीव्र ऑक्सिडीकारक असल्याने ती उष्णता, ओल आणि ज्वलनशील मालापासून दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवावी लागते. शिसे-आम्लाच्या मोठ्या बॅटरीसंचाच्या खोलीत चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघू शकतो, त्यामुळे तिथे हवा खेळती असणे आवश्यक ठरते. धूर छताकडून खाली उतरत असल्याने उंचावरचे दिवे सर्वांत आधी झाकोळले जातात. यावर उपाय म्हणून जमिनीलगत स्वयंदीप्त पट्ट्या लावता येतात, पण या पट्ट्या आधी मिळालेला उजेडच साठवून नंतर परत देतात, त्यामुळे दिवसभर दिवे बंद ठेवलेल्या गल्लीत त्यांचा भरवसा धरता येत नाही. पाट्यांच्या भाषेचाही इथे प्रश्न आहे. गोंडी आणि माडिया बोलणारे हमाल, सिरोंच्याकडचे तेलुगू भाषक, मुलचेरा भागातील बंगाली भाषक आणि कोरचीकडचे छत्तीसगढी बोलणारे चालक या साऱ्यांना कळेल अशी पाटी म्हणजे दाराकडे धावणाऱ्या माणसाचे आंतरराष्ट्रीय चित्र. मराठी मजकूर त्याच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नव्हे.

‘भांडारात जनरेटर आहे, मग हा खर्च कशासाठी’ हा आक्षेप अपेक्षित आहे. त्याचे उत्तर न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इतिहासात सापडते. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी तिथल्या तळघरात झालेल्या स्फोटाने मुख्य वीजपुरवठ्याबरोबर आपत्कालीन वीजव्यवस्थाही निकामी केली, आणि हजारो माणसांना धुराने भरलेल्या अंधाऱ्या जिन्यांतून उतरावे लागले, त्याला कित्येक तास लागले. त्यानंतर जिन्यांत बॅटरीचे दिवे आणि स्वयंदीप्त रंगाच्या खुणा बसवण्यात आल्या, आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी धडकेखालील मजल्यांवरील बहुसंख्य माणसे बाहेर पडू शकली त्यात या सुधारणांचाही वाटा मानला जातो. ज्या आगीने मुख्य फलक जळतो तीच आग जनरेटरची जोडणीही तोडू शकते, म्हणून वीजस्रोत दिव्याच्या पोटात किंवा सुरक्षित अंतरावर स्वतंत्र असणे हाच या व्यवस्थेचा गाभा आहे. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा येईल : औषध निर्माण अधिकाऱ्यावर साठ्याच्या नोंदी, मुदतबाह्य औषधांचा हिशेब आणि ई-औषधी या संगणकीय प्रणालीतील माहिती भरण्याचा भार आधीच आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच ही जबाबदारी त्याच्यावर एकट्यावर न टाकता मासिक चाचणी भांडाराने आणि वार्षिक चाचणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेने करावी, असे विभाजन योग्य ठरेल.

निधीच्या वेळापत्रकाचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा आहे. शासकीय आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि मे महिन्यात नापास झालेल्या बॅटरीसाठी तेव्हा मागणीपत्र पाठवले तर नवी बॅटरी पावसाळ्यात पोहोचेल. यावर मार्ग असा की, बॅटऱ्या बिघडण्याची वाट न पाहता त्यांच्या वयानुसार बदलाव्यात, त्यांची खरेदी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून मार्चपूर्वी व्हावी, प्रत्येक बॅटरीवर बसवल्याची तारीख लिहावी, आणि मेच्या चाचणीसाठी काही बॅटऱ्या राखीव साठ्यात असाव्यात. असे केल्यास चाचणीचा दिवस आणि दुरुस्तीचा दिवस यांत आठवड्याहून अधिक अंतर राहणार नाही.

या विवेचनाच्या आधारे विभागाने पुढील पाच बाबींचा आदेश काढावा, ही विनंती आहे.

१. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील प्रत्येक शासकीय औषध भांडारात आपत्कालीन दिव्यांची पूर्ण ९० मिनिटांची चाचणी दरवर्षी १५ मे ते ५ जून या काळात, साठा भरलेला असताना, दोन टप्प्यांत घ्यावी.

२. दरमहा एमसीबी बंद करून चाचणी घ्यावी आणि नोंदवहीत दिव्याचा क्रमांक, बॅटरीची तारीख, जळाल्याची मिनिटे, जमिनीवरचा लक्स आणि दार उघडल्याची खूण असे स्वतंत्र रकाने असावेत.

३. नव्या खरेदीत किमान तीन तास चालणारे दिवेच घ्यावेत, म्हणजे दुपारच्या वीजखंडानंतरही रात्रीसाठी शिल्लक उरण्याची शक्यता वाढेल; तसेच जनरेटर सुरू होताच नेहमीचे दिवे त्यावर यावेत अशी जोडणी करावी, आणि आपत्कालीन दिव्यांच्या उजेडात माल हाताळण्यास लेखी मनाई करावी.

४. प्रत्येक भांडाराला आतून विनाकिल्ली उघडणारी किमान दोन दारे असावीत, आणि गल्ल्यांत खोकी रचण्याची मर्यादा जमिनीवर रंगाने आखलेली असावी.

५. वार्षिक चाचणीचा निकाल दिव्यागणिक मिनिटांसह भांडाराच्या दर्शनी फलकावर लावावा आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत मांडावा.

पाचवी बाब सर्वांत स्वस्त आहे, आणि उरलेल्या चारही बाबी प्रत्यक्षात येतील की कागदावर राहतील हे तिच्यावर ठरणार आहे. पूरनियंत्रण, बोटींची तयारी, धान्याचा आगाऊ पुरवठा आणि औषधसाठा यांचा आढावा दोन्ही जिल्ह्यांत पावसाळ्यापूर्वी घेतला जातोच; त्याच कार्यसूचीत हा एक विषय वाढवला, तर नवी समिती, नवे पद किंवा नवा कायदा यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. आपल्या भांडारातील सर्वांत कमी टिकलेला दिवा किती मिनिटे जळला, एवढाच प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांनी त्या बैठकीत विचारावा, आणि उत्तर नव्वदच्या खाली असेल तर मृग लागण्यापूर्वी कोणता दिवा कोण बदलणार, हे नाव व तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्यावे. विभागाने या वर्षीच्या निकालाचे आकडे जाहीर करावेत, अशी या दोन जिल्ह्यांतील नागरिकांची अपेक्षा आहे.

कळावे.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नागरिकांच्या वतीने